कुपा पकडायला लातूरहून निघताना

समुद्र पाचशे किलोमीटरवर, पोहणं विहिरीत शिकलेलं आणि टुना पाहिलाय तो फक्त टीव्हीवर. तरीही बोटीवर रात्र काढून तो पकडायचाय? मग बॉस, तयारी घरच्या गच्चीवरूनच सुरू करा!

लातूर किंवा नांदेडहून वीकएण्डला कुठं जायचं, या प्रश्नाची उत्तरं सगळ्यांची पाठ असतात. खरोशाची लेणी, उदगीर आणि कंधारचे किल्ले, माहूर, पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा. लाँग वीकएण्ड मिळाला तर हैदराबाद, बोनस मिळाला तर गोवा. आणि गोव्याला जाऊन तरी आपण काय करतो? गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढतो, ओल्या जीन्समध्ये परत येतो. समुद्राशी आपली ओळख ती एवढीच.

पण एक हटके ऑप्शन आहे. संध्याकाळी बोटीत बसायचं, रात्र समुद्रावर काढायची आणि पहाटे टुना पकडायचा. थ्रिल म्हणाल तर शंभर टक्के. पण एक गोष्ट आधीच क्लिअर करू या : ही ट्रिप ‘चला रे, निघू या’ म्हणून करायची नाही. आमच्या सहाजणांच्या ग्रुपनं तयारीला दीड महिना घेतला. नांदेडच्या दोघी डेंटिस्ट, लातूरचा कोचिंग क्लासमधला फिजिक्सचा सर, एक बँकवाला, आडतीवर सोयाबीनचा व्यापार करणारा एक दोस्त आणि मी. सहापैकी चौघांनी बोटीत पाऊल टाकलेलं नव्हतं. दोघांना पोहता येत नव्हतं. एवढी कच्ची टीम घेऊन निघायचं, तर अभ्यास पक्का हवाच.

पार्टी बोट, पण डीजे नाही

‘पार्टी बोट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढं रंगीत लाइट आणि नाचगाणी येत असतील, तर ती लगेच पुसून टाका. मासेमारीतली पार्टी बोट म्हणजे माणशी तिकीट काढून अनोळखी लोकांनी एकत्र मासे पकडायला जायची बोट. अमेरिकेत तिला ‘हेड बोट’ही म्हणतात, कारण पैसे डोक्यागणिक. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोहून अशा बोटी रात्री सुटतात. प्रवासी बंकवर झोपतात आणि उजाडताना बोट टुनाच्या पाण्यात पोचलेली असते. रॉड भाड्यानं मिळतो, खाणं बोटीवर मिळतं, पकडलेला मासा साफ करून देणारेही असतात.

आपल्याकडं, कोकणात काय किंवा गोव्यात काय, ही तिकीट पद्धत रुळलेली नाही. आपणच गट जमवायचा, अख्खी बोट ठरवायची आणि खर्च वाटून घ्यायचा. सहाजणांत वाटला की एका बऱ्यापैकी गोवा ट्रिपच्या बजेटमध्ये बसतो. पण तिथं बोटवाले जी काळजी तुमच्या वतीनं घेतात, ती इथं तुम्हालाच घ्यावी लागते. आमचा दीड महिना गेला तो यातच.

हा कुपा आहे तरी कोण?

टुना हा डब्यातून येणारा फॉरेनचा मासा, असा आपला समज. कोकणातल्या कोळणीला विचारा, ती हसेल. तिच्यासाठी तो ‘कुपा’, कुठं कुठं ‘गेदर’. आपल्या किनाऱ्याजवळ मिळतो तो बहुतेक छोटा कुपा, काही किलो वजनाचा. यलोफिन टुना खोल पाण्यातला, तो वाढून शंभर किलोच्या वर जाऊ शकतो. आणि ब्लूफिन म्हणजे या खानदानातला करोडपती! टोकियोच्या बाजारात जानेवारी २०१९ मध्ये २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. तो आपल्या नशिबात नाही, टेन्शन घेऊ नका.

कुप्याचा फंडा समजून घेतला तर पुढची सगळी तयारी का करायची ते कळतं. हा मासा थांबत नाही. तोंड उघडं ठेवून पुढं पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी जातं आणि त्याला श्वास मिळतो. बहुतेक माशांचं अंग आसपासच्या पाण्याइतकंच थंड असतं. कुप्याच्या शरीरात मात्र रक्तवाहिन्यांची अशी खास रचना असते, की स्नायूंची ऊब बाहेर पडत नाही. गरम इंजिन असलेली गाडी जशी चटकन पिकअप घेते, तसा हा सुटतो. म्हणूनच तीन-चार किलोचा कुपाही गळाला लागला की तुमचे दंड भरून आणतो.

लक्षद्वीपमधले मच्छीमार हाच मासा जाळं न लावता पकडतात. जिवंत छोटे मासे पाण्यात टाकून टुनाचा थवा बोटीजवळ आणायचा आणि काठीला बांधलेल्या गळानं एकेक मासा उचलून डेकवर टाकायचा. मिनिकॉय बेटावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आपण तिथं पहिलीतही नसू.

आपला रस्ता समुद्रालाच जातो

आता गंमत बघा. मराठवाड्यातली नदी समुद्राकडं जाते ती पूर्वेला. मांजरा गोदावरीला मिळते, गोदावरी नांदेडचे घाट ओलांडून तेलंगण-आंध्रातून थेट बंगालच्या उपसागरात. पण आपला हायवे जातो पश्चिमेला. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर असा येणारा रस्ता पुढं सोलापूर, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीला समुद्राला टेकतो. ज्याला आपण आयुष्यभर ‘नागपूर-रत्नागिरी रोड’ म्हणत आलो, त्याचं दुसरं टोक किती जणांनी पाहिलंय? लातूरहून साधारण पाचशे किलोमीटर, नांदेडहून सहाशेच्या वर. तुळजापूरला दर्शन, सोलापुरात जेवण, कोल्हापुरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाट. रात्रभर गाडी चालवून थेट बोटीत बसायचा प्लॅन करत असाल तर विसरा. झोप झाली नसेल तर बोट लागण्याची शक्यता वाढते.

या रस्त्यावर मिरज येतं तेव्हा लातूरकर थोडा गप्प होतो. एप्रिल २०१६ मध्ये इथूनच पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलेलं, टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली. आमच्या ग्रुपमधल्या फिजिक्सच्या सरांनी त्या उन्हाळ्यात भांडी घासायला किती मग पाणी लागतं, याचा हिशोब वहीत लिहिला होता. ही सवय समुद्रावर किती कामाला येईल, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. चहूबाजूंनी पाणी आणि पिण्यापुरतं तेवढं आपल्या जारमध्ये. हा सिच्युएशनल कॉमेडीचा प्रकार लातूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

आधी पाणी, मग मासा

पहिला प्रश्न पोहण्याचा. आपल्याकडं पोहणं म्हणजे विहीर. पाठीला डबा किंवा पांगऱ्याचं हलकं लाकूड बांधून काकानं ढकलून दिलेलं, आणि दोन उन्हाळ्यांनी डबा सुटलेला. विहिरीत पोहणारे धीट असतात, पण विहिरीला काठ असतो. चार हात मारले की दगड हाताला लागतो. समुद्रात काठ नाही. म्हणून तिथं पोहून जाणं महत्त्वाचं नाही, तरंगत राहणं महत्त्वाचं. ज्यांना पोहता येत नव्हतं त्या दोघांनी शहरातल्या तलावावर महिनाभर सकाळचे क्लास लावले. बाकीच्यांनी लाइफ जॅकेट घालून पाण्यात पाठीवर पडून राहायची प्रॅक्टिस केली. हसू नका! जॅकेटचे पट्टे ढिले असतील तर ते वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खाली जातो, हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

दुसरी शाळा नांदेडजवळच्या विष्णुपुरीला. गोदावरीवरचा शंकर सागर जलाशय. तिथं कुणीही उठून गळ टाकायचा नाही, जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार संस्थांकडं असतात. आमच्यातल्या एका डेंटिस्टच्या पेशंटच्या ओळखीनं एक भोई काका भेटले. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं लावणारा माणूस. वय साठीच्या पुढं, अंगात बनियन, नजर पाण्यावर. आमचा चकाचक रॉड त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. बँकवाल्याच्या गळाला किलोभराचा रोहू लागला तेव्हा तो दात-ओठ खाऊन ओढत सुटला. काका शांतपणे म्हणाले, “कशाला ओढायलाव साहेब? थकू द्या की त्याला.”

रॉडवर मासा खेळवण्याची थिअरी याहून कमी शब्दांत कुणी सांगत असेल तर दाखवा. मासा पळतोय तोवर पळू द्यायचं, थांबला की दोर गुंडाळायचा. रॉड वर उचलताना ओढायचा, खाली आणताना रीळ फिरवायचं. काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती न बोलता. अडीच तास त्यांच्या जाळ्यात काहीच लागलं नाही आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आम्ही तेवढ्या वेळात एकोणीस वेळा मोबाइल बघितला असेल.

गच्चीवरची फिजिक्स लॅब

आता गिअर. रॉड, रीळ, विणलेली दोरी, पुढं जोडायचा जाड नायलॉनचा लीडर आणि खोटा मासा म्हणजे लूअर. सगळं विकत घेऊ नका, बोटीवर भाड्यानं मिळतं का ते आधी विचारा. पण दोन गोष्टी घरी शिकायलाच हव्यात : गाठ आणि ड्रॅग.

गाठीचं आपल्याला नवल नको. निरगाठ-सुरगाठ, बैलाचं दावं, कडब्याच्या पेंढ्या, हे सगळं घरात पाहिलेलं. फक्त इथं दोरी गुळगुळीत आणि बारीक. दोरी-लीडर जोडायला ‘एफजी नॉट’ आणि लूअर बांधायला ‘युनी नॉट’, या दोन आल्या की पुरे. टीव्ही बघता बघता रोज दहा बांधा. आणि मग लाइट बंद करून बांधा, कारण बोट हलत असते, हात ओले असतात आणि अंधार असतो.

ड्रॅग म्हणजे रीळाचा ब्रेक. मासा ठराविक जोरापलीकडं ओढायला लागला की रीळ आपणहून दोरी सोडतं. ब्रेक फार घट्ट तर दोरी तुटते, फार सैल तर मासा अरबी समुद्राच्या टूरवर निघतो. साधा हिशोब असा, की दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांश जोराला ब्रेक सुटला पाहिजे. पन्नास पौंडाची दोरी म्हणजे साधारण साडेबावीस किलो, म्हणजे ब्रेक सहा-सात किलोला. आडतीवरच्या दोस्तानं ताणकाटा आणला. सरांनी बादलीत मोजून सहा लिटर पाणी भरलं. बादली धरून सहा-सव्वासहा किलो. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून रॉडला बादली लटकवायची, ब्रेक हळूहळू सैल करत जायचं आणि बादली सरसर खाली जायला लागली की थांबायचं. झालं सेटिंग!

मग तीच बादली वर खेचायची. पहिल्या खेपेला मजा, तिसऱ्या खेपेला कंबर, पाचव्या खेपेला देव आठवतो. कॉलनीतली पोरं जमा झाली, शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “पोरगी पाणी का शेंदायलीय गच्चीवरून?” शेवटी ते सहा लिटर कुंड्यांना घातलं. पाणी वाया घालवायचं नाही, हा नियम लातुरात कुठल्याही स्पोर्टपेक्षा वरचा.

बोट ठरवताना लाजू नका

इथं मात्र मस्करी बंद. मासेमारीचा परवाना असलेली बोट आणि प्रवासी न्यायची परवानगी असलेली बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी नेणाऱ्या बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. आम्ही फोन केला त्यातल्या एकानं, ‘कुणी विचारत नाही, चालतंय’ असं सांगितलं. आम्ही नमस्कार करून फोन ठेवला. चालतंय म्हणणारा माणूस रात्री बोट बंद पडल्यावर काय करणार? कागद दाखवणारा बोटवाला मिळेपर्यंत आम्ही शोधत राहिलो. आठवडा गेला, पण तो आठवडा वसूल झाला.

विचारायचे प्रश्न लिहून ठेवा. माणसं किती आणि लाइफ जॅकेट किती? वायरलेस आहे का? जीपीएस आहे का? किनाऱ्यापासून किती आत जाणार, मोबाइलची रेंज कुठं जाणार? इंजिन बंद पडलं तर मदतीला कोण येणार? फर्स्ट एड बॉक्स कधीचा आहे? आणि मुलींनो, टॉयलेटचं विचाराच. बऱ्याच बोटींवर ते नसतंच, किंवा असतं म्हणजे एक पडदा असतो. आमच्या डेंटिस्ट मैत्रिणींनी पहिल्याच फोनवर रोखठोक विचारलं. त्या एका प्रश्नानं यादीतली निम्मी नावं गळाली.

जून आणि जुलैत राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा कुणी ‘स्पेशल ट्रिप’ म्हणाला तर नाही म्हणा. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करण्यावरही बंदी आहे. देवमाशासारखा दिसणारा, पाठीवर ठिपके असलेला महाकाय बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. दिसला तर फक्त बघा. कासव गळात अडकलं तर सोडवा. सेल्फी नंतर.

वारा नाही म्हणाला तर?

सगळ्यात अवघड तयारी ही. लातूरहून पाचशे किलोमीटर आलो, रजा टाकली, ॲडव्हान्स दिला आणि बंदरावर तांडेल म्हणाला, ‘आज नको’, तर?

समुद्राचा अंदाज आता घरबसल्या मिळतो. लाटा, वारा, मासे कुठल्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे, हे सगळं सांगणारी ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि ती आहे हैदराबादला! नांदेडकराला समुद्रापेक्षा समुद्राची खबर जवळ. हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारेही रोज बघायचे. पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, असं नसतं. ‘ओखी’ डिसेंबर २०१७ मधलं, ‘क्यार’ ऑक्टोबर २०१९ मधलं आणि ‘तौक्ते’ मे २०२१ मधलं. तिन्ही वादळं पावसाळ्याच्या बाहेरची.

आमची पहिली तारीख डिसेंबरातल्या शनिवारची होती. अंदाज काठावरचा होता. शुक्रवारी संध्याकाळी रत्नागिरीला पोचलो, बॅगा घेऊन बंदरावर गेलो. तांडेल काकांनी समुद्राकडं बघितलं आणि म्हणाले, “आज नाय. वारा बघा कुठचा येतोय.” आम्हाला तर काहीच दिसत नव्हतं. पाणी चमकत होतं, हवा मस्त होती. बँकवाल्याची सटकली. रजा मिळवायला त्यानं काय काय केलं होतं ते त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, थोडं आत जाऊन तर बघू. तांडेल काकांनी वाद घातला नाही. दोर सोडला नाही, एवढंच.

तेव्हा आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी डेंटिस्ट म्हणाली, “पाऊस आला नाही म्हणून आपले लोक काय ढगाशी भांडतात का? दुबार पेरणी करतात.” विषय संपला. मराठवाड्यातल्या माणसाला हातात नसलेल्या गोष्टीची वाट बघायचं ट्रेनिंग जन्मापासून आहे. आपण ते विसरतो कारण आपण एसी ऑफिसात बसतो. पण इतक्या लांबून येऊन मोकळ्या हातानं परत फिरता येणं, ही समुद्राची एन्ट्री फी आहे. ती भरायची तयारी नसेल तर ही ट्रिप तुमच्यासाठी नाही. फोनवर बोट ठरवतानाच बोलून घ्या : तारीख रद्द झाली तर ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरणार का? आमचा धरला.

शनिवार आम्ही मिरकरवाडा बंदरावर घालवला. लिलाव बघितला, टोपल्यांमधले कुपे बोटांनी दाबून बघितले. डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि अंग टणक म्हणजे ताजा. कोळणींनी फुकटात शिकवणी घेतली.

बर्फाचं गणित

कुप्याचं अंग गरम असतं, हे वर सांगितलंच. त्याचा दुसरा अर्थ असा, की पकडल्यावर तो लवकर बिघडतो. उन्हात पडला तर बॅक्टेरिया त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. ते खाल्लं की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. आणि गंमत म्हणजे कितीही शिजवा, कितीही काळा मसाला घाला, ते जात नाही. म्हणून मासा वर आला की लगेच रक्त काढायचं, पोट साफ करायचं आणि बर्फात पुरायचा. एक किलो माशाला निदान एक किलो बर्फ, ऊन कडक असेल तर दोन. बर्फात थोडं समुद्राचं पाणी घातलं की मासा सगळीकडून सारखा गार होतो. लातूरपर्यंत मासा आणायचं स्वप्न असेल तर त्या पाचशे किलोमीटरचा बर्फही हिशोबात धरा. आम्ही सरळ रत्नागिरीतच शिजवून खायचं ठरवलं.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण जगात भारी. जुन्या काळी दर्यावर्दी महिनोन्‌महिने टिकणारी कडक बिस्किटं घेऊन निघायचे. आपल्याकडं सोलापूरची कडक भाकरी आहे! ना तेल, ना ओलावा, मोडते पण आंबत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि गूळ. बोट लागणाऱ्यांना तळकट आणि पोटभर चालत नाही, हे थोडं थोडं चघळत बसायला बेस्ट. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच्या रात्रीपासून. आल्याची वडी खिशात. बोट हलायला लागली की मधोमध बसायचं आणि नजर लांब क्षितिजावर ठेवायची. मोबाइलमध्ये डोकं घातलं की गेलात कामातून. दारू नाही म्हणजे नाही. ही पार्टी बोट असली तरी पार्टी किनाऱ्यावर.

आणि मग ती रात्र

जानेवारीत दुसरी तारीख मिळाली. वारा हो म्हणाला. सूर्य बुडता बुडता निघालो. रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाचा उजेड बराच वेळ पाठीमागं फिरत राहिला, मग तोही दिसेना. मोबाइलची रेंज गेली. खरं सांगायचं तर त्या क्षणी पोटात गोळा आला. कुणीच काही बोललं नाही. इंजिनाचा आवाज आणि चहूकडं काळं पाणी.

नऊच्या सुमारास सर लागले. व्यवस्थित, शिस्तीत, तीनदा उलटी करून झोपी गेले. बाकीच्यांनी रात्री तळाला गळ सोडून दोन तांबोशी काढल्या. थंडी वाजते हो समुद्रावर! सुती टीशर्ट ओला झाला की वाळत नाही. विंडचीटर ज्यांनी आणलं नव्हतं ते ताडपत्रीत शिरले. दोन वाजता डोळा लागला.

पहाटे तांडेल काकांनी उठवलं. पूर्वेकडं फिकट उजेड, आणि पाण्यावर एका जागी पक्षी खाली-वर करत होते. खाली छोटे मासे उकळी फुटल्यासारखे उडत होते. बोट हळू केली, लूअर मागं सोडले. बँकवाल्याचा रॉड वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं. सगळे ओरडत होते, ओढ, ओढ! तो ओढत नव्हता. उभा होता, रॉड धरून, ओठ घट्ट मिटून, दोरी जाऊ देत. विष्णुपुरीचे काका तिथं असते तर खूश झाले असते. दहा-बारा मिनिटांनी निळसर पाठीचा, चांदीच्या पोटाचा कुपा डेकवर आला. ताणकाट्यावर साडेचार किलो. गच्चीवरच्या बादलीपेक्षा कमी वजनाचा, आणि दंड मात्र सगळ्यांदेखत थरथरत होते.

त्यानंतर आणखी तीन लागले. दोन लहान होते, ते पाण्यात सोडले. जेवढं आम्हाला संपणार होतं तेवढंच ठेवलं. परत येताना सरांनी जारमधलं पाणी मोजलं. पंधरा लिटर उरलं होतं. धक्क्यावर उतरल्यावर तांडेल काका ते ओतून द्यायला निघाले, तर सहाही जण एकदम ओरडले. ते पाणी आम्ही गाडीच्या डिकीत घालून लातूरला परत आणलं.

बॅग भरताना...

* मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं स्वतःकडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. किनाऱ्यावर तपासणी होऊ शकते.

* पिण्याचं पाणी माणशी किमान चार लिटर. बोट अडकली तर आणखी एक दिवस पुरेल इतकं जास्तीचं.

* लाइफ जॅकेट अंगावर, उशीखाली नाही. झोपतानाही घाला.

* पटकन वाळणारे कपडे, विंडचीटर, कानटोपी, न घसरणाऱ्या रबरी तळाचे बूट. उन्हासाठी टोपी, गॉगल, सनस्क्रीन.

* डोक्याला बांधायची बॅटरी आणि जादा सेल. हातमोजे, पक्कड, छोटी कात्री. दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोट कापलं जातं.

* घरच्यांना लिहून द्या : बोटीचं नाव आणि नंबर, तांडेलचा फोन, निघायची आणि परतायची वेळ. परतायच्या वेळेनंतर किती तासांनी फोनाफोनी सुरू करायची, तेही.

* तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेसाठी १०९३. दोन्ही मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि घरच्यांनाही द्या, कारण समुद्रात रेंज त्यांच्याकडंच असते.

* आणि कडक भाकरी. ती मोजून नेऊ नका, खलाशीही मागतात!